जन्म १ जूनचा, म्हणून ३१ मेलाच घरी? पेन्शनचा हिशेब समजावून सांगा

खानापूरची_बाई

नमस्कार. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला लागले १६ ऑगस्ट २००१ ला. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९७०. आता चारेक वर्षंच राहिलीत आणि गेला महिनाभर रात्री झोपताना डोक्यात हेच आकडे फिरतात, म्हणून लिहितेय.

माझी नणंद महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्या घरापासून तिचं घर दीड तासाचं, पण तिचा पगार कोल्हापूरकडून आणि माझा बेंगळूरुकडून. गणपतीला सगळे जमलो तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, वीस वर्षं झाली की अर्धा पगार पक्का, तू कशाला काळजी करतेस?" आमच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातले एक जण म्हणतात, तुमची तीस वर्षं भरत नाहीत, तुम्हाला अर्धा मिळणार नाही. व्हॉट्सॲपवर येतं ते तिसरंच. त्यात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख असते आणि खाली 'सर्वांना पाठवा'.

दुसरी गोष्ट. मी समजत होते ३० जून २०३० ला निवृत्त होईन. परवा शाळेत कळलं की १ तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्यातच, म्हणजे ३१ मेला. माझी इन्क्रिमेंट जुलैची. खरं सांगायचं तर १ जून ही माझी जन्मतारीखच नव्हे. आई सांगते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना १ जूनच लिहिली. ती आता बदलता येईल का?

तिसरं घरचं. हे बसमध्ये कंडक्टर. सप्टेंबर १९९६ ला लागले. या ऑगस्टमध्ये ५८ पूर्ण होतील, नोकरी ६० पर्यंत आहे. त्यांना पेन्शन म्हणून नेमकं किती धरायचं? मी घरात दोन पेन्शनी येणार असं धरून चालले होते. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घराच्या कर्जाचे हप्ते २०३२ पर्यंत आहेत. कम्युटेशन घेऊन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेऊन, कर्ज फेडावं का?

कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. अंदाजाने सांगू नका, अंदाज ऐकून ऐकून थकले.

निवृत्त_एफडीए (टिळकवाडी)

बाई, मी शिक्षण खात्यात एफडीए (प्रथम दर्जा साहाय्यक, म्हणजे क्लार्क) होतो. शेवटची अकरा वर्षं पेन्शनच्या फाइलीच बघितल्या. एकेक घेतो.

सगळ्यात आधी नणंदबाईंचं बोलणं बाजूला ठेवा. त्या चुकीचं सांगत नाहीत, पण ते त्यांच्या राज्याचं आहे. आपल्या भागात हा घोटाळा घरोघरी होतो. आपण पेपर मराठी वाचतो, नातेवाईक चंदगड-गडहिंग्लजचे, त्यामुळे तिकडचा जीआर आपल्याला आपलाच वाटतो. नवी पेन्शन (एनपीएस) कुठे कधीपासूनच्या नेमणुकांना लागू, त्या तारखाच बघा : केंद्रात १ जानेवारी २००४, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५, कर्नाटकात १ एप्रिल २००६. तिकडे शिक्षक ५८ ला निवृत्त होतात, आपल्याकडे ६० ला. तुमची पगाराची स्लिप ज्या सरकारची, नियमही त्याच सरकारचा. तुमची नेमणूक २००१ ची, म्हणजे तुम्ही जुन्या पेन्शनमध्ये आहात. त्याबद्दल मनात शंका ठेवू नका.

आता वर्षांचं. कर्नाटकात पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा लागते. पूर्ण पेन्शन, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, मिळायला पूर्वी ३३ वर्षं लागायची, आता ३० लागतात. कमी भरली तर पेन्शन बुडत नाही, त्या प्रमाणात कमी होते. केंद्रात सहाव्या वेतन आयोगानंतर वर्षांच्या प्रमाणाची ही अट गेली, म्हणून 'वीस वर्षं, दहा वर्षं' असं कानावर येतं. आपल्याकडे प्रमाण अजून आहे.

सेवा सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत मोजतात. ३० वर्षं म्हणजे ६० तुकडे. शेवटी तीन महिने किंवा त्याहून जास्त उरले तर तो तुकडा पूर्ण धरतात. १६ ऑगस्ट २००१ ते ३१ मे २०३० म्हणजे २८ वर्षं, ९ महिने, १६ दिवस. २८ वर्षांचे ५६ तुकडे, नऊ महिन्यांतले सहा म्हणजे आणखी एक, उरलेल्या तीन महिने सोळा दिवसांचा आणखी एक. झाले ५८. शेवटचा मूळ पगार ७०,००० धरू (तुमचा खरा आकडा घालून बघा) :

७०,००० च्या निम्मे ३५,०००, गुणिले ५८, भागिले ६० = ३३,८३४ रुपये. शिवाय त्यावर महागाई भत्ता.

म्हणजे तुमच्या ऑफिसातले म्हणाले ते खरं, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. पूर्ण अर्धा पगार मिळणार नाही. कमी पडतात ते महिन्याला १,१६६ रुपये. एवढ्यासाठी झोप घालवू नका.

झोप घालवायची तर वेगळ्या गोष्टीसाठी. त्या ५८ मधले तीन महिने सोळा दिवस फार नाजूक आहेत. मध्ये कुठे गैरहजेरी, नामंजूर रजा, पडताळणी न झालेला काळ निघाला तर तुकडा गळतो. एक तुकडा गळला तर ३३,८३४ चे ३३,२५० होतात. म्हणजे महिन्याला ५८४ रुपये, त्यावरचा महागाई भत्ता वेगळा, आणि हे आयुष्यभर. तुम्ही तालुका बदलून आलाय का? बदलून आलेल्यांच्या एसआरमध्ये (सर्व्हिस रजिस्टर, सेवापुस्तक) दोन ऑफिसांच्या मधला काळ हमखास कोरा असतो. उद्याच अर्ज करा आणि तुमचं सर्व्हिस रजिस्टर पहिल्या पानापासून स्वतः वाचा. कन्नड वाचायला अडचण असेल तर वाचणारं माणूस बरोबर न्या, पण क्लार्कच्या तोंडी 'सगळं बरोबर आहे' यावर उठून येऊ नका. मी स्वतः क्लार्क होतो, म्हणून सांगतो. समोर माणूस बसल्याशिवाय पानं उलटली जात नाहीत.

जन्मतारखेचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. आपल्या राज्यात १९७४ चा वयनिश्चितीचा कायदा आहे. नोकरीला लागल्यापासून तीन वर्षांच्या आत बदल मागायचा असतो. तुमची मुदत २००४ लाच संपली. कोर्टात जाऊन आलेले मी पाहिलेत, वकिलाचे पैसे गेले, बाकी काही झालं नाही. आणि ३१ मे हेच बरोबर आहे. १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच साठ वर्षं पुरी करतो असं नियम धरतो.

जुलैच्या इन्क्रिमेंटबद्दल कुणीतरी सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवेल. तो ११ एप्रिल २०२३ चा, आपल्याच राज्याच्या वीज पारेषण निगमच्या कर्मचाऱ्यांचा. पण त्यात माणसाने इन्क्रिमेंटचं वर्ष पूर्ण केलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तो नोकरीत नव्हता. तुमचे ३१ मेला अकराच महिने होतात. त्या निकालावर आशा ठेवू नका.

कम्युटेशन. केंद्रात ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, आपल्याकडे एक तृतीयांश. वरच्या हिशेबात ११,२७८ रुपये. एकरकमी किती येतील ते वयाच्या तक्त्यावर ठरतं. पण जाणारे पैसे आजच मोजा : महिना ११,२७८, पंधरा वर्षं, म्हणजे २० लाख ३० हजार. पंधरा वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. भत्ता मात्र कापलेल्या पेन्शनवर नाही, मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, हे लोक विसरतात. माझं मत विचाराल तर, कर्ज २०३२ ला संपतंय, म्हणजे निवृत्तीनंतर दोनच वर्षांचे हप्ते. त्यासाठी पंधरा वर्षांची पेन्शन विकू नका. ग्रॅच्युइटी येईल (कमाल मर्यादा २० लाख), शिल्लक अर्जित रजेचे पैसे येतील, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) आहे, केजीआयडी (राज्य सरकारचा कर्मचारी विमा) आहे. त्यातून दोन वर्षांचे हप्ते निघतात. मुलीच्या लग्नासाठी म्हणून पेन्शन विकणारे मी शेकड्याने बघितले. पाच वर्षांनी तीच माणसं ट्रेझरीत येऊन विचारायची, अजून किती दिवस कापणार.

अर्जित रजेचं एक. कमाल ३०० दिवसांचे पैसे मिळतात, पण आपल्या शिक्षकांना सुट्ट्या असतात म्हणून रजा कमी साठते. ३०० धरून बजेट करू नका, एसआरमधली शिल्लक बघा.

तुमच्यानंतर घरच्यांना कुटुंब पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, ७०,००० वर २१,००० रुपये. सातव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १ ऑगस्ट २०२४ पासून, किमान पेन्शन १३,५०० झाली.

यजमानांचं कुणीतरी डेपोतल्या माणसाने सांगावं. ते खातं माझं नव्हे.

डेपोवाला_शहापूर

मी हाय डेपोतला. साठाला निवृत्त झालो, तीस वर्षं स्टिअरिंग धरलं. ताई, जे सांगूलालो ते मनाला लावून घेऊ नका, पण आधी कळलेलं बरं.

आमच्यासारख्यांची पेन्शन सरकारी पेन्शन नव्हे. आमचं निगम आहे, आम्हाला पीएफ आणि त्यातली ईपीएस-९५, म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. पगार कितीका असेना, पेन्शनचा हिशेब पगारावर होत नाही, मर्यादेवर होतो. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या वर्षांना ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासूनच्या वर्षांना १५,०००. त्याला वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं.

तुमच्या मालकांचं : आधीची १८ वर्षं, ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, झाले १,६७१. नंतरची ५८ वर्षं पुरी होईपर्यंत १२ वर्षं, १५,००० गुणिले १२ भागिले ७०, झाले २,५७१. दोन्ही मिळून ४,२४२. वीस वर्षांच्या वर सेवा आहे म्हणून दोन वर्षं वाढवून देतात, ते धरून साडेचार हजारांच्या आसपास.

होय, महिन्याला. आणि त्यावर महागाई भत्ता नाही. आज जेवढी ठरेल तेवढीच. मला ज्या दिवशी पहिली पेन्शन जमा झाली, मी पासबुक घेऊन बँकेतच बाकड्यावर बसलो. वाटलं मशीन चुकलं.

दुसरं, ही पेन्शन ५८ ला सुरू होते, ६० ला नव्हे. नोकरी चालू असली तरी अर्ज करता येतो. पुढे ढकलली तर साठापर्यंत वर्षाला ४ टक्के वाढते. आमच्यातले काही म्हणूलालेत थांबा, काही म्हणूलालेत घ्या. साडेचार हजारावर ४ टक्के म्हणजे १८० रुपये. दोन वर्षं पेन्शन सोडली तर लाखभर गेले, ते १८०-३६० नं भरून यायला आयुष्य लागंल. मी थांबलो नाही. ५८ नंतर निगमच्या वाट्यातनं पेन्शन फंडाला जाणारे ८.३३ टक्के आपल्या पीएफमध्येच पडतात, ते स्लिपवर बघून घ्या.

मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पेन्शन देण्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा, आणि अर्जाची शेवटची तारीख होती ११ जुलै २०२३. मालकांनी तेव्हा अर्ज भरला होता का विचारा. भरला असेल तर त्याची पोच शोधून ठेवा, नसेल तर तो विषय सोडा.

ताई, तुमच्या घरात पेन्शन एकच येणार असं धरा. तुमची. मालकांची म्हणजे लाइट बिल आणि गॅस. त्यांचा खरा पैसा पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा, तो एकदाच येतो आणि पाहुणे मागायला लगेच येतात. तो सांभाळा.

निपाणीची_सिस्टर

मी आरोग्य खात्यात, २०११ ची नेमणूक, एनपीएसवाली. बाईंचा प्रश्न माझा नाही, पण इथे वाचणाऱ्या आमच्या वयाच्यांसाठी थोडं लिहिते.

आमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के आमचे जातात, सरकार १४ टक्के घालतं. साठाव्या वर्षी जमलेल्यातले किमान ४० टक्के ॲन्युइटीत (दरमहा पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत) घालावे लागतात, बाकीचे हातात. महिन्याला किती मिळतील हे आज कुणीच सांगू शकत नाही. जुन्या पेन्शनमधल्या बाई ३३,८३४ असा शेवटच्या रुपयापर्यंत हिशेब करू शकतात, याचं मोल त्यांना कळावं असं वाटतं. मला माझा हिशेब असा करता येत नाही.

२४ जानेवारी २०२४ च्या आदेशाने १ एप्रिल २००६ च्या आधी ज्यांच्या भरतीची अधिसूचना निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. राज्यात सुमारे १३,००० जण त्यात होते. माझ्या मावसभावाने तो आदेश वाचलाच नाही, कारण त्याच सुमारास महाराष्ट्रातला तसाच निर्णय मराठी ग्रुपवर फिरत होता आणि त्याने समजून घेतलं की हे तिकडचं. शेवटच्या आठवड्यात त्याच्या हेडमास्तरांनी सांगितलं म्हणून अर्ज गेला. एफडीए काका म्हणतात ते उलट्या बाजूनेही खरं आहे. तिकडचं आपलं समजू नका, आणि आपलं तिकडचं समजून सोडू नका. युनिफाइड पेन्शनच्या बातम्याही तशाच. ती योजना केंद्राच्या कर्मचाऱ्यांची, १ एप्रिल २०२५ पासूनची.

खानापूरची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. डेपोवाले दादा, तुमचा आकडा यांना वाचून दाखवला. हे काही बोलले नाहीत, अंगणात जाऊन उभे राहिले. तीस वर्षं पहाटे साडेचारला उठून पहिली गाडी धरलेला माणूस. रात्री म्हणाले, "बरं झालं आत्ता कळलं." २०२३ चा अर्ज त्यांनी भरला नव्हता. डेपोत कुणीतरी सांगितलं होतं की त्यात उलटे पैसे भरावे लागतात, म्हणून घाबरले.

एफडीए काका, शनिवारी अर्ज देऊन बसले आणि एसआर बघितलं. दोन तास लागले. आमच्या शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या टीचर बरोबर आल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तीन गोष्टी सापडल्या.

एक, तुम्ही म्हणालात तसंच. २००९ मध्ये मुलीला न्यूमोनिया होऊन ती बेळगावात दवाखान्यात होती, तेव्हा मी पाच महिने रजेवर होते. अर्धपगारी रजा मागितली होती, पुढे तिचा पगारही मिळाला. पण एसआरमध्ये फक्त 'रजेवर' एवढंच आहे, मंजुरी आदेशाचा नंबर नाही. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होते.

दोन, २०१३ ची बदली. तिथून मुक्त झाले ती तारीख आणि इथे हजर झाले ती तारीख यांत नऊ दिवस आहेत, त्याची नोंदच नाही.

तिसरं सांगताना हात थरथरतो. नॉमिनेशनच्या पानावर माझ्या वडिलांचं नाव आहे. २००१ ला लागले तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं. लग्न २००३ ला झालं, वडील २०१२ ला गेले. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांच्या दाखल्यांवर नावं तपासत बसले आणि माझ्या पानावर हे. माझं नावही तिथे माहेरचं, तेही इंग्रजीत दोन आद्याक्षरं आणि आडनाव. आधारवर माझं नाव, यांचं नाव, सासरचं आडनाव.

निवृत्त_एफडीए (टिळकवाडी)

बाई, रडू नका, हे सगळं चार वर्षं आधी सापडलंय. एप्रिल २०३० मध्ये सापडलं असतं तर मी वेगळं बोललो असतो.

नॉमिनेशन आधी. कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की तसंही टिकत नाही. पण ते पान तसंच राहिलं तर उद्या काही बरंवाईट झाल्यावर यजमान आणि मुलगी वारसदाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत बसतील. नवे फॉर्म भरा : ग्रॅच्युइटीचा वेगळा, जीपीएफचा वेगळा, केजीआयडीचा वेगळा. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. कुटुंबाचा तपशील, जन्मतारखांसह, तोही द्या. प्रत्येकाची एक प्रत शिक्का मारून परत घ्या.

नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला जोडून अर्ज करा आणि एसआरच्या पहिल्या पानावर आदेशाच्या नंबरासकट नोंद करून घ्या. बँक, आधार, पॅन आणि एसआर, चारही ठिकाणी अक्षर न् अक्षर एक असू दे. आपल्याकडे मराठी नाव कन्नडात जातं, तिथून इंग्रजीत येतं, आणि एका वेलांटीसाठी बेंगळूरुहून फाइल परत येते. एजी (महालेखापाल) ऑफिसात बसलेल्या माणसाला तुम्ही म्हणजे फक्त तो कागद.

२००९ ची रजा. पगार मिळाला म्हणजे मंजुरीशिवाय मिळाला नसणार. आदेश जुन्या तालुक्याच्या रजा नोंदवहीत किंवा त्या महिन्यांच्या पगार बिलांत सापडेल. लेखी अर्ज द्या, त्यात महिना आणि वर्ष लिहा, तोंडी विचारू नका. ते पाच महिने गळले तर २८ वर्षं चार महिनेच राहतात, म्हणजे ५७ तुकडे. म्हणूनच मी नाजूक म्हणालो होतो. नऊ दिवसांचं हजर होण्याच्या मुदतीत नियमित करून घेता येतं, त्याच अर्जात लिहा.

आणि जीपीएफची वर्षावर्षाची स्लिप काढून बघा, बदलीच्या वर्षी दोनेक महिन्यांची वर्गणी जमा दिसत नाही असं फार होतं.

खानापूरची_बाई

नॉमिनेशनचे तिन्ही फॉर्म आज दिले, शिक्का मारलेल्या प्रती घरी आल्या. मुलीचं नाव लिहिताना तीच शेजारी बसली होती, स्पेलिंग तिने सांगितलं. नणंदेला फोन करून म्हटलं, तू पण तुझं पुस्तक काढून बघ, तुझ्या पानावर कुणाचं नाव आहे ते. ती आधी हसली, मग गप्प झाली, म्हणाली सोमवारी जाते.

जुन्या तालुक्याला गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून जायचं ठरवलंय. २००९ चे माझ्याकडचे कागद म्हणून मुलीचं डिस्चार्ज कार्ड सापडलं, ते बरोबर नेते. हे म्हणाले, मी येतो, त्या रूटवर माझी ड्युटी आहे.